आत्याच्या खोलीतली बिनघंटीची मंडळी

संस्थेच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला आत्याची खोली. खोली संस्थेची, तिला कागदोपत्री नंबरही आहे. पण तो नंबर विचारलात तर चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ‘आत्याची खोली कुठे’ म्हणा, पाण्याच्या टाक्या बघायला आलेला माणूसही दारापर्यंत पोचवून जाईल.

त्या खोलीत अकराशे उंदीर राहतात. पांढरे नव्हेत, काळे; मूठभर अंगाचे, मण्यांसारख्या डोळ्यांचे. सहा-सहा खणांच्या मांडण्यांवर त्यांचे पारदर्शक पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्याच्या तोंडाशी एक कार्ड आणि कार्डावर जन्मतारीख, आईबाप, वाण, सगळी कुंडली. या अकराशे जिवांचं खाणंपिणं, बाळंतपणं, भांडणं, आजारपणं आणि शेवट, सगळं तेवीस वर्षं एका बाईच्या हातून झालं.

ती मुळात आली होती जिने पुसायला. वय एकतीस, शिक्षण दहावी, पदरात एक मुलगी. तिसऱ्याच आठवड्यात एक उंदीर सुटला. आता प्रयोगशाळेतला उंदीर सुटणं म्हणजे स्वयंपाकघरात उंदीर दिसणं नव्हे. त्याच्या खानदानावर लोकांची चार-चार वर्षं खर्ची पडलेली असतात. भलेभले शिकलेले लोक खुर्च्यांवर चढले होते. कुणी टोपली घेऊन धावत होतं, कुणी झाडू. जिने पुसणारी बाई बादली खाली ठेवून आत आली आणि म्हणाली, “आधी सगळे गप्प बसा बघू.” मग तिनं कचऱ्याच्या डब्यातून पुठ्ठ्याचं एक नळकांडं काढलं, भिंतीच्या कडेला आडवं ठेवलं आणि बाजूला उकिडवी बसून राहिली. उंदीर भिंतीला अंग घासत आला आणि स्वतःच्या घरात शिरावा तसा नळकांड्यात शिरला. तिनं दोन्ही तोंडांवर तळवे ठेवले आणि विचारलं, “कुठं ठेवू?”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” तेव्हा तिथे एक तरुण सर होते, त्यांनी विचारलं. आज तेच संस्थेचे मोठे सर आहेत.

“शिकवायला कशाला पाहिजे? घाबरलेला जीव मधून पळत नाही, कडेकडेनं जातो. मी पण नवीन जागी तशीच जाते.”

दुसऱ्या दिवसापासून जिन्याचं फडकं दुसरीच्या हातात गेलं आणि ही आत आली, ती आलीच. ‘आत्या’ हे नाव मागाहून पडलं. कुणा एका विद्यार्थिनीला ती तिच्या वडिलांच्या बहिणीसारखी दिसली, तिनं एकदा हाक मारली आणि मग ती सगळ्यांचीच आत्या झाली. मोठे सर तिच्याहून चार वर्षांनी मोठे, पण तेही आत्याच म्हणतात.

रोज सकाळी दार उघडण्याआधी ती क्षणभर हात जोडायची. “देवा, आज माझ्या हातून कुणाला विनाकारण त्रास नको.” त्यातला ‘विनाकारण’ हा शब्द ती गिळायची नाही. कारणापुरता त्रास या खोलीत होतो, हे तिनं कधी देवापासून लपवलं नाही आणि स्वतःपासूनही नाही. ज्या दिवशी काही उंदरांना कायमचं झोपवायचं असे, ते काम ती नव्या माणसाच्या हाती देत नसे. “ज्यांना मी वाढवलं त्यांना परक्या हातात कशी सोडू,” म्हणायची आणि त्या दिवशी दुपारी चहा घेत नसे. एवढंच. बाकी त्यावर भाषण नाही.

नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरबाई आल्या. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, मेंदूचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी बाहेरून उंदरांचा एक नवा वाण आणला आणि पहिल्याच दिवशी आत्याला खुर्ची देऊन सगळं समजावून सांगितलं. आधीच्या साहेबलोकांनी हे कधी केलं नव्हतं. मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर असतात. शरीर स्वतःच एक रसायन तयार करतं, ते येऊन त्यांना लागलं की पेशी जागी होते. लक्ष लागणं, आठवण राहणं, बरं वाटणं, बऱ्याच गोष्टींत त्यांचा हात असतो. आणि सिगारेटमधलं निकोटिनही नेमकं त्यांनाच जाऊन लागतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे दारावरची घंटी झाली की हो. घरच्या माणसानं वाजवायची, तर हा लबाड येऊन वाजवतो आणि आतले लोक पाहुणा आला म्हणून नाचायला लागतात.”

डॉक्टरबाई बघतच राहिल्या. मग हसून म्हणाल्या, “आणि या उंदरांमधलं त्या घंटीचं जनुकच आम्ही काढून टाकलंय. घंटी नसली तर घरात काय काय अडतं, ते बघायचं.”

तेव्हापासून त्या खोलीत दोन जाती झाल्या: घंटीवाले आणि बिनघंटीचे. कार्डांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असायचे, पण बोलण्यात हीच नावं. पुढे डॉक्टरबाई मोठमोठ्या सभांमध्येही घंटीचाच दाखला द्यायला लागल्या आणि “हे माझं नाही, आमच्या आत्यांचं,” असं सांगायला लागल्या. आत्या वरवर म्हणायची, “काहीतरीच तुमचं.” पण घरी गेल्यावर चार दिवस ताट वाढतानाही तिची मान जरा ताठ असायची.

घरी नवरा आणि नणंद. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वभावानं गरीब, फक्त सिगारेटपुढे लाचार. त्याला ती उंदरांची गोष्ट सांगे. “दोन बाटल्या लावतो आम्ही. एकीत साधं पाणी, एकीत निकोटिनचं. घंटीवाला चार दिवसांत दुसऱ्या बाटलीला चटावतो. बिनघंटीचा ढुंकूनही बघत नाही. तुमच्यापेक्षा माझा उंदीर बरा.”

“मग त्या डॉक्टरबाईंना म्हणावं, माझी पण घंटी काढा.”

“तुमची काढली तर काय उरेल? निम्मं डोकं तिच्यावरच चाललंय.”

शेजारच्याच खोलीत राहणारी नणंद अशा वेळी हमखास दारात उभी असे. जिभेला हाड नाही, पण पोटात काही नाही. “दादा, तू नशीबवान बाबा,” ती म्हणायची. “बायको म्हणजे अकराशे उंदरांची सासू. एवढ्या सुना नांदवते, तुझी काय कथा?”

तर अशी ही आत्या. तिचा सगळ्यात मोठा अभिमान कुठला म्हणाल, तर तेवीस वर्षांत तिच्या खोलीत पिंजऱ्यांची अदलाबदल एकदाही झाली नव्हती. ही काही सोपी गोष्ट नाही. घंटीवाला आणि बिनघंटीचा दिसायला तंतोतंत सारखे. कानाला खुणेची भोकं पाडतात, पण तीसुद्धा प्रत्येक पिंजऱ्यात एक नंबरपासूनच सुरू होतात. कोण कुठला ते एक तर कार्ड सांगणार, नाहीतर शेपटीच्या टोकाच्या तुकड्यातून केलेली जनुकाची तपासणी. म्हणून तिनं स्वतःचा नियम केला होता: एका वेळी एकच झाकण उघडं. छपराला आग लागली तरी दुसरं झाकण उघडायचं नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून ती हा नियम पाढ्यासारखा म्हणून घ्यायची.

आणि तिनंच तो मोडला.

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोमवारी सकाळी ती आत आली तर चौथ्या खणातले दोन शेजारशेजारचे पिंजरे पाण्यानं भरलेले. बाटल्यांची नवी बुचं आली होती, ती सैल निघाली आणि रविवारभर पाणी ठिबकत राहिलं. एका पिंजऱ्यात एक नर आणि दोन माद्या, तिघंही बिनघंटीचे. दुसऱ्यात तसंच कुटुंब, घंटीवाल्यांचं. सगळे एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून थरथरत होते. माद्या गाभण. उंदराला गारठा फार वाईट, घटकाभरात जातो. तिनं दोन कोरडे पिंजरे ओढले, दोन्ही झाकणं एकदम उघडली आणि ओंजळीओंजळीनं सगळ्यांना उचलून कोरड्यात ठेवलं, वर कापसाचा ढीग दिला. कार्डांचा लगदा झाला होता, शाई पसरलेली. ती तिनं दिव्याखाली धरून वाचली आणि स्वच्छ अक्षरात नवी लिहून पिंजऱ्यांना लावली. दुपारपर्यंत सहाही जीव ठणठणीत झाले. तिनं देवाचे आभार मानले आणि बुचांबद्दल तक्रार लिहिली. झाकणांचं तिच्या लक्षातही राहिलं नाही. जीव वाचल्याच्या आनंदात बाकीचं वाहून गेलं.

पुढे त्या माद्या व्याल्या. बिनघंटीचं कार्ड असलेल्या पिंजऱ्यातली पोरं मोठी झाली, ती डॉक्टरबाईंनी कामाला घेतली. आईबाप दोघंही बिनघंटीचे, मग पोरांच्या शेपट्या कशाला तपासायच्या? घंटीवाले त्यांच्याकडे आधीचेच भरपूर होते, म्हणून दुसऱ्या पिंजऱ्यातली पोरं खालच्या खणात तशीच राहिली.

बाटल्यांचं वजन रोज सकाळी आत्याच करायची. डावी-उजवीही रोज बदलायची, कारण उंदराला एका बाजूची सवय लागते आणि मग तो पाण्याची चव सोडून बाजूच पितो. दहाव्या दिवशी तिनं आकडे लिहिले आणि पुन्हा वजन केलं. बिनघंटीचे निकोटिनची बाटली रिकामी करत होते.

डॉक्टरबाईंचा आनंद गगनात मावेना. “आत्या, तुम्हाला कळतंय का हे? घंटी नसूनही पितायत! म्हणजे निकोटिन आत शिरायची दुसरी काहीतरी वाट आहे, आपल्याला माहीत नसलेली!” महिनाभर त्यांनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. आकडे खरेच होते. लेख लिहून झाला. शुक्रवारी बाहेरचे शास्त्रज्ञ संस्थेत येणार होते, त्यांच्यापुढे तो वाचायचा ठरला. आणि सोमवारी डॉक्टरबाई आत्याच्या खोलीत येऊन म्हणाल्या, “लेखाच्या शेवटी तुमचं पूर्ण नाव घालतेय. छापून येईल. शुक्रवारी तुम्ही सभागृहात बसायचं.”

आत्याचं पूर्ण नाव आजवर छापून आलं होतं ते फक्त लग्नाच्या पत्रिकेत आणि तिथेही वडिलांचं आडनाव चुकलं होतं. संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. नवऱ्यानं हातातली पेटवलेली सिगारेट विझवली, हे त्याच्याकडून फार झालं. नणंदेनं तर रात्रीची भाजी चुलीवर तशीच टाकली आणि गल्लीत निघाली.

बुधवारी पिंजरे बदलायचा दिवस. आत्या एकेक उंदीर नळकांड्यातून नव्या पिंजऱ्यात सोडत होती. हे काम तिनं लाखवेळा तरी केलं असेल आणि ते करताना ती उंदराकडे बघत राहायची, हा तिचा नाद. घंटीवाला नव्या घरात गेला की नव्या भाडेकरूसारखा वागतो: दोन पावलं जातो, थांबतो, नाक वर करून हुंगतो, कोपरा बघतो, परत थांबतो. बिनघंटीचा थांबत नाही. तो आपला सुटतो, गाडी चुकल्यासारखा गोल गोल पळतो. पुस्तकात काय लिहिलंय ते तिला माहीत नव्हतं. तिनं नऊ वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवशी डॉक्टरबाईंच्या त्या नावाजलेल्या बिनघंटीच्यांमधला एक नव्या पिंजऱ्यात गेला, दोन पावलं चालला आणि थांबला. नाक वर केलं. कोपरा हुंगला.

दुसरा सोडला. तोही थांबला.

आत्या खाली वाकली, खालच्या खणातले घंटीवाले काढले, त्यातला एक नव्या पिंजऱ्यात सोडला. तो सुटला गोल गोल.

मग तिला पाणी भरलेल्या पिंजऱ्यांची ती सोमवारची सकाळ आठवली. दोन झाकणं, दोन्ही एकदम उघडी.

घरी येऊन तिनं चपला काढल्या आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. नवरा आणि नणंद दोघंही समोर आले. तिनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता.

नवऱ्यानं विचारलं, “कार्डावर काय लिहिलंय?”

“बिनघंटीचे.”

“मग झालं. कागद बोलतोय ना? तुला कोण विचारतंय?”

“कागद मीच लिहिलाय की हो.”

“अगं, पण कुणाला कळणार आहे?”

“आत्ता नाही कळणार. उद्या त्या लेखावर भरवसा ठेवून दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेत ती नसलेली वाट शोधायला बसतील. किती वर्षं जातील. किती उंदीर जातील, आणि सगळे विनाकारण. रोज सकाळी मी देवापुढे काय बोलते मग? त्याला तोंड तरी कसं दाखवू?”

नणंद दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “वहिनी, मी अख्ख्या गल्लीला सांगून बसलेय गं.”

“तर आता अख्ख्या गल्लीला परत सांगा, वन्सं.”

“मला बाई तोंड नाही.”

“तुम्हाला? तोंड नाही?” आणि त्याही अवस्थेत तिघं हसली.

गुरुवारी सकाळी नवाच्या ठोक्याला आत्या डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. मोठे सरही तिथेच होते, उद्याच्या खुर्च्यांचा हिशोब बघत. तिनं सांगितलं. तिला वाटलं होतं, आता आभाळ कोसळेल. पण डॉक्टरबाई चक्क हसल्या.

“आत्या, तुमच्या हातून? अहो, असल्या चुका आमच्या हातून होतात. तुमच्या नाही.”

“माझ्याच हातून झालीय.”

“उद्याचा ताण आलाय तुम्हाला,” मोठे सर म्हणाले. “आत्याच्या खोलीत अदलाबदल! उद्या कुणी म्हणेल, सूर्य पश्चिमेला उगवला. घरी जा, विश्रांती घ्या.”

घ्या. तेवीस वर्षं जपलेलं नाव तिच्याच आड आलं. चूक झाली नाही म्हणून भांडणारी माणसं तिनं खूप पाहिली होती. चूक झाली म्हणून भांडायची पाळी तिच्यावर आली. तिचा पारा चढला.

“सर, मी जिने पुसायला आले तेव्हा तुम्ही खुर्चीवर उभे होतात. तेव्हा माझं ऐकलंत म्हणून उंदीर सापडला. आजही ऐका.”

सरांचं हसू मावळलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “काय करायचं म्हणता?”

“सहा पिंजरे काढा. दोन पक्के घंटीवाले, दोन पक्के बिनघंटीचे, ज्यांच्या शेपट्या तुम्ही तपासल्यात. आणि दोन ते, संशयाचे. सगळ्यांच्या कार्डांवर कागद चिकटवा, कसेही मागेपुढे लावा. मला बाहेर उभं करा. मग मी एकेक उंदीर सोडीन आणि तुम्हाला सांगीन.”

डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हातानं पिंजरे लावले. आत्या बोळात भिंतीकडे तोंड करून शिक्षा झालेल्या मुलीसारखी उभी राहिली. बोलावल्यावर आत गेली. पहिल्या पिंजऱ्यातला उंदीर सोडला, हातावर हात ठेवून बघितलं. “घंटीवाला.” दुसरा. “बिनघंटीचा.” तिसरा जरा भित्रा होता, कोपऱ्यातच बसला, ती थांबून राहिली, मोठे सर चुळबूळ करू लागले तरी थांबून राहिली आणि तो निघाला तेव्हा म्हणाली, “हाही बिनघंटीचा.” चौथा, पाचवा, सहावा.

डॉक्टरबाईंनी तिचे सहा शब्द एका कागदावर लिहून घेतले आणि मग पिंजऱ्यांवरचे कागद एकेक करून काढले. तपासलेले चार पिंजरे, चारही बरोबर. राहिलेले दोन कार्डाच्या नेमके उलट.

डॉक्टरबाई त्या दोन पिंजऱ्यांकडे बघत होत्या. कित्येक महिन्यांचं काम होतं ते. मग त्यांनी खण उघडून शेपटी तपासायचं साहित्य काढलं आणि त्या कामाला लागल्या. आत्यानं उंदीर धरले. दुसऱ्या कुणाच्या हातात तिनं ते दिलेच नाहीत.

दुपारी चार वाजता तपासणीचा निकाल आला. बिनघंटीचे म्हणून घेतलेले सगळे घंटीवाले होते. त्यांनी निकोटिन प्यायलं यात नवल ते काय? नसलेली वाट नसलेलीच होती.

आत्यानं खोलीची वही काढली आणि लाल शाईनं सगळं लिहिलं: तारीख, दोन्ही झाकणं, दोन्ही कार्डं. खाली सही केली, पूर्ण नावानं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आत्या, बुचं सैल होती, तेही लिहा.” ती म्हणाली, “बुचांनी पाणी सांडलं. कार्डं मी लावली.”

“मी रागावले आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्यावर, माझ्यावर पण. पोरांच्या शेपट्या मी तपासायला हव्या होत्या. पण उद्या तुम्ही सभागृहात यायचं.”

“आता कशाला, बाई? नाव तर जाणार.”

“नाव जाणार. लेखच जाणार. तरी यायचं.”

शुक्रवारी आत्या ठेवणीतले कपडे घालून शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसली. डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. पडद्यावर लेखाचं नाव आलं आणि त्या म्हणाल्या, “हा निकाल चुकीचा आहे. परवापर्यंत तो बरोबर होता.” लोक हसले, त्यांना वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी पिंजऱ्यांत पाणी भरल्याची सकाळ, दोन झाकणं, कार्डं, उंदरांचं थांबणं आणि पळणं, सगळं सरळ सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “कुठल्याही आकड्यावरून ही चूक कळली नसती. आकडे उत्तम होते. जिच्या हातून झाली, तिलाच ती दिसली आणि तिनंच येऊन सांगितली. त्या मागे बसल्या आहेत.”

चाळीस माना वळल्या. आत्याला वाटलं, धरणी दुभंगावी. पण पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे शास्त्रज्ञ उठून थेट तिलाच म्हणाले, “बाई, उंदीर थांबतो म्हणे, तो किती वेळ थांबतो?”

ती म्हणाली, “पहिल्या दहा पावलांत तीनचारदा. प्रत्येक वेळी एक श्वास घेण्याइतका.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी फरक कळत नाही. जागा ओळखीची होते ना. नवी जागा असतानाच बघायला पाहिजे.”

“माद्यांमध्येही असंच?”

“व्यालेली मादी सोडून. तिला पिल्लांची घाई असते, ती कुठल्याही जातीची असो, पळतेच.”

मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसरीनं. म्हातारे उंदीर? एकटे ठेवलेले? आत्या उत्तर देत गेली. कधी उभी राहिली, ते तिलाही कळलं नाही. खाली बघितलं तर पुढच्या दोन रांगा वह्यांमध्ये लिहून घेत होत्या आणि मोठे सर लिहून घेणाऱ्यांमध्ये होते.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा आणि नणंद तोंड पाडून वाटच बघत होते.

“मग? गेलं ना नाव?” नणंदेनं विचारलं.

“गेलं. लेख परत घेतला त्यांनी. सगळं काम पहिल्यापासून करायचं, शेपट्या तपासून. वहीत माझ्या नावावर लाल शाई आहे.”

“मग एवढी फुललीस कशानं?”

आत्या पाय पसरून बसली. “वन्सं, पंधरा मिनिटं ते मला प्रश्न विचारत होते. मला. आणि एकाही प्रश्नाला मी ‘विचारून सांगते’ म्हटलं नाही.”

नवऱ्यानं उठून तिच्यासाठी चहा टाकला. नणंदेनं पायात चपला सरकवल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत जिना उतरलीसुद्धा. थोड्या वेळानं खालून, गल्लीच्या तोंडाशी, तिचा खणखणीत आवाज आला: “अहो चुकली, तर स्वतः जाऊन सांगितलं! आणि मग शंभर शास्त्रज्ञ, शंभर, वह्या काढून लिहून घेत होते आमच्या वहिनीचं!”

आत्या ताडकन उठली आणि खिडकीतून वाकून ओरडली, “चाळीस, वन्सं! चाळीसच होते!”